थांब्याचे तीन तास

९ जानेवारी

नवी वही. आधीची डॉक्टरांनी लिहायला लावली होती. "रोज चार ओळी, काहीही" हे त्यांचं औषध. ही मात्र मी आपणहून आणली. म्हणजे बरा झालो असं समजायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत लागून आज एक वर्ष झालं. मी विसरलो होतो. ताईने डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, "साहेब, एक वर्ष!" मी छत्तीस वर्षांचा घोडा आणि बहीण अजून डब्यावर चिठ्ठ्या चिकटवते. काकूंनी ती वाचली आणि दिवसभर मला साहेब म्हणत राहिल्या.

काकू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या बाई. काचेच्या प्लेटांत जंतूंचं अन्न ओतणं, जंतू पेरणं, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजणं, सगळं त्यांचं. मी जंतूंना हातही लावत नाही. काकूंच्या आकड्यांमधून रेघ काढतो. जंतू नव्या अन्नात टाकले की आधी काही वेळ नुसते बसून राहतात, त्याला आम्ही थांबा म्हणतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार असे सुटतात. अन्न संपत आलं की वाढ अडते, आणि शेवटी मरायला लागतात. सपाट, चढ, पठार, उतार. कुठला तुकडा किती वेळाचा, हे आधीच सांगता येईल असं गणित बसवायचं. एवढंच माझं काम, आणि मला ते फार आवडतं. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

१४ जानेवारी

सरांनी बोलावलं. ताईच्या हॉस्पिटलातून विचारणा आली आहे. तिच्या वॉर्डात अपुऱ्या दिवसांची, नाजूक बाळं असतात. पावडरचं दूध दर वेळी ताजं बनवायचं म्हणजे एक नर्स त्यातच अडकते, आणि माणसं आधीच कमी. फ्रिजही एवढासा. तर बनवलेलं दूध बाहेर किती तास चालेल, हे कुणीतरी मोजून सांगा.

सर म्हणाले, "तुझ्या बहिणीचाच वॉर्ड आहे. तूच कर."

ताईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "नीट कर हं. तिथे दोन किलोची माणसं असतात."

६ फेब्रुवारी

त्रेचाळीस वेळा प्रयोग झाला. दुधाच्या पावडरीत सापडणारा तो एक जंतू, वॉर्डाइतकी ऊब, दर अर्ध्या तासाला मोजणी. काकूंची बोटं दुखायला लागली आहेत. छत्तीस वेळा तीन तासांचा थांबा, मग दर अर्ध्या तासाला दुप्पट. रेघ अशी बसली आहे की भिंतीवर लावावी. उरलेल्या सात वेळा मात्र थांबाच नाही, टाकले की सुटले. मी त्यांना वेडे सात म्हणतो. काकूंना विचारलं काही गडबड झाली का, तर रागावल्या.

"गडबड कसली? ते सात मी आदल्या दिवशी उबेत वाढत ठेवलेल्या फ्लास्कमधून घेतले होते. बाकीचे फ्रिजमधले. थंडीतून उठवलेल्याला उठायला वेळ लागतो. जो जागाच आहे तो लगेच कामाला लागतो. माणसाचं वेगळं असतं का?"

काकू फार गोड बोलतात. पण गणितात माणसं आणून चालत नाही.

१० फेब्रुवारी

सरांना वेडे सात दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवला, एक मिनिट बघितलं. "पावडर कोरडी असते, त्यातले जंतू थकलेले असणार. म्हणजे थांबा असणारच. हे सात काढून टाक, रेघ बिघडते." मलाही तसंच वाटत होतं. काढले.

हिशेब असा. एका थेंबात चाळीस जंतू धरले, तरी सहा तासांनी ते अडीच हजार होतात. धोक्याची मर्यादा दहा हजार. म्हणजे सहा तास बिनधास्त. अहवालावर सरांनी फक्त माझं नाव घातलं. "तुझं पहिलं काम आहे, मी कशाला मध्ये येऊ?" मला खरंच भरून आलं. इतक्या मोठ्या मनाची माणसं कमी असतात.

३ मार्च

पाटी लागली! ताईने स्वतः, दुधाच्या ट्रॉलीवर. "बनवल्यापासून सहा तास." खाली बारीक अक्षरात आमच्या प्रयोगशाळेचं नाव. ताई म्हणाली नर्सेस खूश आहेत, सकाळी एकदा बनवलं की दुपारपर्यंत बघायला नको. म्हणाली, "सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाने काढलंय."

तीन वर्षं मी एका खोलीत पडदे ओढून बसलो होतो. ताई जेवण दाराशी ठेवून कामावर जायची. तेव्हा ती लोकांना काय सांगत असेल?

१७ एप्रिल

काही विशेष नाही. सकाळी ताईबरोबरच निघालो, तिची पाळी सातची. दुपारी चारला ती परत आली तीच कुरकुरत. दूध बनवणारी मदतनीस आलीच नव्हती. "पोचल्या पोचल्या रात्रीचं उरलेलं सगळं ओतून दिलं आणि अकराच्या अकरा बाटल्या एकटीने केल्या. हात बघ." हात पांढरे पडले होते. पण मजेत होती. अकरा नंबरच्या पाळण्यातली पोरगी, जिला पंधरा दिवस घोटाघोटाने पाजावं लागत होतं, तिने आज बाराची बाटली पूर्ण संपवली. ताईने नक्कल करून दाखवली, डोळे मिटून, मुठी आवळून. आम्ही हसलो.

१९ एप्रिल

ताई दोन पाळ्या सलग करून आली. ती अकरा नंबरची पोरगी कालपासून तापात आहे. फिट आली. ताई जेवली नाही.

२० एप्रिल

गेली ती. सकाळी दहाला. एकोणीस दिवसांची होती, अजून नाव ठेवलं नव्हतं.

२३ एप्रिल

तपासण्या झाल्या. बाळाच्या रक्तात तोच जंतू. त्या बाराच्या बाटलीच्या तळाशी उरलेले चार थेंब कुणीतरी शहाणपणाने लगेच फ्रिजमध्ये ठेवले होते, ते आमच्याकडे आले. काकूंनी मोजलं. एका थेंबात चाळीस हजार.

सहा तासांत दहा हजारांच्या वर जाता कामा नये. चाळीस हजार.

मी प्लेटा स्वतः पुन्हा मोजल्या. तोच आकडा. बाहेर आलो तर सर दाराशी उभे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको. तुझी प्रयोगाची वही माझ्याकडे दे, कपाटात नीट राहील. कुणी काही विचारलं तर आधी मला सांग." वही दिली. त्यांचा आधार नसता तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

२५ एप्रिल

चौकशी समिती बसली. तीन माणसं, अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई. वॉर्डातल्या सगळ्यांचे जबाब होणार. मी रेघ पुन्हा पुन्हा काढतो आहे. कुठेही चूक सापडत नाही आणि उत्तर चुकीचं आहे. झोप येत नाही. त्या दिवसांत येत नसे तशीच. गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात का? ताईला विचारावं तर ती माझ्याकडे बघते आणि नजर वळवते. तिला कळलं आहे. पाटी मी लिहिली, पोर तिच्या हातून गेली.

२६ एप्रिल

ताईने आज सगळं सांगितलं. टेबलाशी बसली, पाण्याचा पेला समोर घेतला, आणि जणू दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत बोलते आहे अशी बोलली.

"तुझी रेघ बरोबर आहे. बाटली चुकली. रात्रपाळीने चारला बनवलेली एक राहिली होती, मी गडबडीत तीच उचलली. आठ तासांचं दूध होतं ते."

"आठ?"

"आठ. समितीला लिहून दिलंय मी."

मी धावत जाऊन गणित केलं. तीन तास थांबा, पाच तास वाढ. दहा वेळा दुप्पट. चाळीसाचे चाळीस हजार, अगदी तंतोतंत! मी खुर्चीत बसून रडलो. ताईने माझ्या डोक्यावर हात फिरवला. ती मात्र रडली नाही.

लाज वाटते पण खरं लिहायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग तिचा राग आला. इतकी वर्षं नोकरी केलेली बाई, बाटलीवरची वेळ वाचत नाही? मग स्वतःचाच. या क्रमाने.

४ मे

ताई घरी आहे. गुडघा दुखतो म्हणून रजा टाकली म्हणते. दिवसभर भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. तिचे पांढरे कपडे दोरीवर दिसत नाहीत, इस्त्रीवालाही आला नाही. मी म्हटलं गुडघा डॉक्टरला दाखव, तर म्हणाली, बघू.

सर आनंदात आहेत. "मॉडेल खरं ठरलं म्हण ना! आठ तासांचा अंदाजसुद्धा जुळला." आणखी अकरा हॉस्पिटलांनी सहा तासांची पाटी मागितली आहे. जूनच्या एक तारखेपासून.

मलाही आनंद व्हायला हवा. होत नाही. रेघ बघितली की त्या पोरीच्या आवळलेल्या मुठी दिसतात.

११ मे

हॉस्पिटलातून वॉर्डात दूध घुसळायचा मिक्सर आला, नेहमीची तपासणी म्हणून. काकूंनी झाकणाचं रबर काढलं आणि मला हाक मारली. खाचेत दुधाची पिवळट साय साचलेली. काडीने पुसून प्लेटवर घेतली. सकाळपर्यंत प्लेट गच्च भरली होती, ठिपके वेगळे दिसेनात.

काकू म्हणाल्या, "हे बघ, हे झोपलेले नव्हते. यांना ऊब होती, दूध होतं. रोज सकाळी नव्या दुधात उतरायचे नि लगेच कामाला लागायचे. तुझे वेडे सात."

मी म्हटलं, "काकू, ते सात मी काढले."

"माहीत आहे. माझ्या रजिस्टरात आहेत. मी काही काढत नसते."

१३ मे

रबरावरचे जंतू घेऊन चार वेळा प्रयोग केला. चारही वेळा थांबा शून्य. पहिल्या अर्ध्या तासापासून दुप्पट.

तीन तासांचा थांबा हा जंतूंचा गुण नव्हताच. तो आमच्या फ्रिजचा गुण होता. आम्ही त्यांना गारठवून आणलं, म्हणून ते थांबले. मी छत्तीस वेळा फ्रिज मोजला.

१४ मे

आता बसून लिहितो, कारण डोकं चालेना झालं आहे.

थांबा शून्य असेल तर आठ तासांत सोळा वेळा दुप्पट. चाळीसाचे सव्वीस लाख. बाटलीत होते चाळीस हजार. जुळत नाही. चाळीस हजारांवरून उलट मोजत आलो तर दहा दुपटी, म्हणजे पाच तास. बाराला पाजलं. म्हणजे दूध सातला बनवलेलं.

ताई म्हणते चारला.

ताईचा गोंधळ झाला असेल. त्या दिवशी ती दमलेली होती. की मीच पुन्हा चुकतो आहे? माझ्या गणितावर मी विश्वास ठेवायचा की बहिणीवर? गणिताने एकदा तोंडघशी पाडलं आहे. बहिणीने कधीच नाही.

१५ मे

समितीला माझंही निवेदन हवं आहे, तारखांसकट. तारखा बघायला ही वही मागे चाळली.

१७ एप्रिल. "काही विशेष नाही."

"रात्रीचं उरलेलं सगळं ओतून दिलं."

माझ्याच अक्षरात. तिने माझ्यासमोर हात धरले होते, पांढरे पडलेले. रात्रीची बाटली उरलीच नव्हती. तिने सातला दूध बनवलं, पाटी वाचली, पाटीप्रमाणे बाराला पाजलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. चुकली ती पाटी. आणि तिने लिहून दिलं की पाटी बरोबर आहे, मीच चुकले.

तीन आठवडे ती माझ्यासमोर जेवायला बसते आहे आणि मी तिला गुडघ्याबद्दल विचारतो आहे.

१६ मे

सकाळी ती भाजी निवडत होती. मी वही तिच्यासमोर ठेवली, बोट ठेवून दाखवलं. तिने वाचलं. चष्मा काढला.

"लिहितोस होय सगळं? मला वाटलं सोडलंस."

"ताई, का केलंस?"

"त्या आठवड्यात तू घरी यायचास ना, तेव्हाचा तुझा चेहरा बघितला होता मी. तू खोलीत होतास तेव्हा तीन वर्षं बघितलाय तो. पुन्हा नाही बघवणार."

"तुझी नोकरी गेली?"

"निलंबित केलंय. गुडघा चांगला आहे माझा." आणि ती हसली. अशा वेळी हसली! मी ओरडलो तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, मी काय काचेचा आहे का, मला न विचारता माझं आयुष्य तू सांभाळणार, आणि मी मात्र रेघ जुळली म्हणून तुझ्यासमोर रडणार?

ती म्हणाली, "पोर तर गेलीच होती रे. ती काही परत येणार नव्हती. म्हटलं, निदान एक तरी वाचू दे."

"एक जूनला ती पाटी अकरा हॉस्पिटलांत लागणार आहे."

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"कुठली पाटी?"

"सहा तासांची. तुझ्या जबाबावर. मॉडेल खरं ठरलं म्हणून."

हे तिला माहीतच नव्हतं. घरात बसलेल्या बाईला कोण सांगणार? किती तरी वेळ ती त्या जुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अकरा गुणिले किती बाळं होतात, हे तू मला सांगू नकोस."

नंतर म्हणाली, "जा. सांग त्यांना. माझ्यासमोर बसून राहू नकोस, जा."

१८ मे

आधी सरांकडे गेलो. सगळं मांडलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तुझी तब्येत बरी नाही. महिनाभर सुट्टी घे." मी प्रयोगाची वही मागितली. म्हणाले, कपाट आवरताना कुठे गेली कळत नाही. आणि मग, अगदी शांतपणे, "अहवालावर नाव कुणाचं आहे, हे तुला आठवत असेल."

आठवत होतं. त्या दिवशी मला भरून आलं होतं, हेही आठवत होतं. इथे लिहिलं आहे.

जिना उतरत होतो तर काकू खालून वर येत होत्या. पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं, जाड, कोपरे झिजलेलं, आणि माझ्या हातात दिलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. वेडे सात हिरव्या शाईत.

"काकू, तुमची नोकरी…"

"सप्टेंबरात निवृत्त होतेय मी. जा आता, मला प्लेटा ओतायच्यात."

२१ मे

समितीसमोर दोन तास. अध्यक्षबाईंनी रजिस्टर पानन् पान उलटलं. ही वहीही मागितली. मी दिली. १७ एप्रिलचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं. "काही विशेष नाही" पासून. मुठी आवळल्याचा भागही त्यांनी गाळला नाही.

मग विचारलं, "हे सात प्रयोग तुम्ही का वगळले?"

"रेघ बिघडत होती म्हणून."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरं काही उत्तर आहे का, असं मीच स्वतःला विचारत होतो. नव्हतं. सरांनी सांगितलं म्हणून, हे मला म्हणता आलं असतं, पण त्यांनी सांगायच्या आधीच मला काढायचे होते.

२९ मे

पाटी रद्द. अकरा ठिकाणी जाणार होती ती गेली नाही. वॉर्डात आता दर वेळी दूध नवं बनवतात, मिक्सर बाद केला.

वही परत मिळाली, प्रत काढून.

१२ जून

निकाल आला. माझी नोकरी गेली. पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत लागेन असं वाटत नाही. सरांना ताकीद. ताईवर दोन ठपके होते. दुधाचा ठपका काढून टाकला. खोटा जबाब दिल्याचा ठेवला. तिची नर्स म्हणून नोंदणी कायमची रद्द.

मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "दुधाचा काढला ना?"

"काढला."

"मग ठीक आहे." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

१९ जून

सात दिवस ती बाहेर आलेली नाही. आंघोळीला, पाण्याला येते तेवढंच. मी जेवण दाराशी ठेवतो. आज मी तिच्या दारासमोर जमिनीवर बसून राहिलो. काही वेळाने आतून आवाज आला, "पंखा बंद कर बाहेरचा, उगाच चालतोय." केला.

मी तीन वर्षं आत होतो तेव्हा ती अशीच बाहेर बसत होती का? कधी बोलली नाही.

३ जुलै

ताई बाहेर येते आहे आता. बोलत फारसं नाही. तिच्या एका जुन्या मैत्रिणीने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बघायचं काम सुचवलं. ताई म्हणाली, "माझ्या हातात कुणाला देऊ नका."

६ जुलै

आज दुपारी दार वाजलं. तिशीही न ओलांडलेली बाई, हातात पर्स, चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात उभी. म्हणाली, "अकरा नंबरच्या बाळाची आई मी."

मी दार पूर्ण उघडलं. ताई स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

ती बसली. पाणी नको म्हणाली. "समितीचा कागद आलाय मला, त्यात तुमचं नाव होतं. त्यात लिहिलंय, नर्सची चूक नव्हती, नियमाची होती. दोन महिने मी त्यांना शिव्याशाप देत होते. आता कुणाला देऊ ते कळत नाही. तो सहा तासांचा नियम आला कुठून, तेवढं मला समजावून सांगाल? इंग्रजीत नको."

मी कागद आणि पेन्सिल घेतली. रेघ काढली. सांगितलं की जंतू कसे वाढतात, थांबा म्हणजे काय, फ्रिजमधले का थांबतात आणि रबरातले का थांबत नाहीत. सात प्रयोग मी काढून टाकले, हेही सांगितलं. ती मध्येच अडवायची, "म्हणजे कसं?" मी पुन्हा सांगायचो. इतक्या लक्षपूर्वक माझं काम आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी खरी रेघ काढली, थांबा नसलेली. सातला सुरू, बाराला संपलेली. प्रत्येक तासावर खूण केली. धोक्याची आडवी रेघ मारली.

ती खुणा एकेक मोजत गेली. मग तिने बोट ठेवलं.

"हे नऊ वाजताचं?"

"हो."

"हे तर रेघेच्या खाली आहे. खूप खाली."

"हो. सहाशे-साडेसहाशे. तेव्हा काही झालं नसतं बहुतेक."

"नऊला ती रडत होती," ती म्हणाली. "मी तिथेच होते. मला दूध येत नव्हतं. मी म्हटलं, भूक लागलीय तिला, बाटली भरलेलीच आहे तर आत्ताच पाजू का? तर म्हणाले, बाराची वेळ ठरलीय, वेळा पाळाव्या लागतात, दूध काही खराब होत नाही तोवर. मग मी तिला थोपटत बसले. तीन तास."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मी म्हणाले होते," ताईचा आवाज आला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर हातात पिळत. "मीच म्हणाले होते तसं."

त्या बाईने मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा ताईच काहीतरी बोलेल. रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी पत्रा ओढत नेत होतं, तो आवाज जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच.

मग ती उठली. "हा कागद नेऊ का?"

मी हो म्हटलं. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला, नऊची खूण मोडणार नाही अशी घडी घातली.

ताईने पुढे होऊन दार उघडलं. ती चपला घालताना ताई वाकली, सरळ करून द्यायला, पण तिने आपला पाय मागे घेतला. मग उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाली, "जाते."

येते म्हणाली नाही. ताई दार धरून उभी होती, ती जिना उतरून दिसेनाशी झाली तरी.

मी म्हटलं, "ताई, आत ये."

"हो," ती म्हणाली. आणि तिथेच उभी राहिली.